प्रॉन्स नूडल्स खाताना भीती अजिनोमोटोची, पण बघायला हवा बर्फ!

संध्याकाळचे सात वाजले की कोल्हापुरात चायनीजच्या गाड्यांवरच्या भट्ट्या पेटतात. रंकाळा असो, राजारामपुरी असो, नाहीतर पेठेतला एखादा कोपरा. कढईवर झारा आपटल्याचा आवाज, सोया सॉसचा वास आणि गाडीभोवती उभी असलेली कॉलेजची पोरं, हे चित्र आता तांबड्या-पांढऱ्या रश्श्याइतकंच ओळखीचं झालंय. आणि तिथे हमखास ऐकू येणारी ऑर्डर म्हणजे, "भावा, एक प्रॉन्स हक्का दे. झणझणीत कर. आणि अजिनोमोटो घालू नको हां!"

शेवटचं वाक्य बहुतेकांच्या तोंडी बसलंय. पण "कोळंबी कशात ठेवलीयस?" हा प्रश्न गाडीवर क्वचितच ऐकू येतो.

कोल्हापुराला समुद्र नाही. इथे प्लेटमध्ये पडणारी कोळंबी घाट चढून, कधी कधी तर दुसऱ्या राज्यातून आलेली असते. त्यामुळे खरा धोका पांढऱ्या पावडरीत आहे की आणखी कशात, हे एकदा नीट समजून घ्यायला हवं.

प्लेटमध्ये नेमकं काय असतं?

रेसिपी तशी सोपी. गव्हाच्या म्हणजे बहुतेक वेळा मैद्याच्या नूडल्स आधीच उकडून, तेलाचा हात लावून ठेवलेल्या असतात. ऑर्डर आली की कढईत तेल तापवून लसूण, आलं, हिरवी मिरची पडते. मग सोललेली कोळंबी, कोबी, गाजर, सिमला मिरची, कांद्याची पात. वरून सोया सॉस, व्हिनेगर, मिरपूड आणि कोल्हापूर असल्यामुळे शेजवान चटणीचा एक चमचा जास्तच.

हे सगळं काही मिनिटांत होतं, कारण गाडीवरच्या भट्टीची आच घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी जास्त असते. भाज्यांना पाणी सुटायच्या आत त्या परतल्या जातात आणि नूडल्सना धुरकट, करपल्याच्या किंचित अलीकडची चव येते. चीनच्या कँटोनीज भाषेत या चवीला 'वॉक हेई' म्हणतात, म्हणजे साधारण 'कढईचा श्वास'. घरी तेच सॉस वापरूनही गाडीसारखी चव येत नाही, त्याचं एक मोठं कारण ही आच आहे.

'हक्का' कोण आणि 'शेजवान' कुठलं?

हक्का हा मसाला नाही, हा चीनमधला एक समाज आहे. या समाजातली अनेक कुटुंबं कोलकात्यात येऊन स्थायिक झाली. तिथल्या टांगरा भागात त्यांचे चामडं कमावण्याचे कारखाने होते आणि पुढे हाच भाग चायनीज हॉटेलांसाठी प्रसिद्ध झाला. चिनी पद्धतीचं परतणं आणि भारतीय पद्धतीची मिरची, लसूण यांची गाठ इथे पडली.

महाराष्ट्रात ही चव पोचली ती मुख्यतः मुंबईमार्गे. कोलकात्यात जन्मलेले शेफ नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये पहिल्यांदा चिकन मंचुरियन बनवलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, मिरची आपली, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. हॉटेलातला हाच प्रकार नंतर रस्त्यावरच्या गाड्यांवर आला आणि त्यातून चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान अशी चीनमध्ये सापडणार नाहीत अशी पोरंबाळं जन्माला आली.

'शेजवान' हे नाव चीनच्या सिचुआन प्रांतावरून आलंय. पण तिथल्या जेवणाची ओळख म्हणजे जीभ झिणझिणवणारी सिचुआन मिरी, आणि तीच आपल्या शेजवान चटणीत सहसा नसते. गंमत म्हणजे या मिरीचं सख्खं भावंड आपल्याकडे आहे. कोकणात बांगड्याच्या तिखल्यात घालतात ते तिरफळ आणि सिचुआन मिरी, दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. म्हणजे गाडीवरच्या शेजवानपेक्षा मालवणातलं बांगड्याचं तिखलं त्या बाबतीत सिचुआनच्या जास्त जवळचं!

कोल्हापुरात कोळंबी येते कुठून?

कोकण तसं लांब नाही. आंबा घाटातून रत्नागिरी साधारण १३० किलोमीटरवर आहे. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट, राधानगरीकडून फोंडा घाट, आजऱ्याकडून आंबोली, असे किनाऱ्याकडे उतरणारे बरेच रस्ते आहेत. बंदरावरचे मासे काही तासांत कोल्हापुरात पोचू शकतात.

पण गाडीवरची प्रत्येक कोळंबी कोकणातली असेलच असं नाही. २००९ मध्ये भारतात 'व्हेनामी' या मूळच्या प्रशांत महासागरातल्या कोळंबीच्या शेतीला परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. आज तळ्यांमध्ये वाढवलेल्या कोळंबीत आंध्र प्रदेश देशात सगळ्यात पुढे आहे. एकसारख्या आकाराची, गोठवलेली, सोललेली कोळंबी पाकिटात मिळते आणि हॉटेलवाल्यांना ती सोयीची पडते.

पावसाळ्यात तर हे आणखी लागू होतं. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत गाडीवर प्रॉन्स मिळत असतील तर ते बहुधा तळ्यातले किंवा गोठवलेले असतात.

यात वाईट काही नाही. उणे १८ अंशांवर नीट साठवलेली कोळंबी ही बर्फाशिवाय दिवसभर फिरलेल्या 'ताज्या' कोळंबीपेक्षा केव्हाही चांगली. प्रश्न 'ताजी की गोठवलेली' हा नाहीच. ती पूर्ण प्रवासात थंड राहिली का, हा आहे. आणि हा प्रवास बंदरावर सुरू होऊन गाडीवरच्या डब्यात संपतो.

कोळंबी इतक्या लवकर का खराब होते?

कोळंबीच्या मांसात सुटी अमिनो आम्लं भरपूर असतात. तिची गोडसर चव त्यांच्यामुळेच येते. पण हेच जिवाणूंचं आयतं खाद्य आहे. शिवाय कोळंबीच्या डोक्यात पचनाचे अवयव असतात. ती मेल्यावर तिथली पाचक द्रव्यं तिचंच मांस विरघळवायला लागतात. म्हणून डोकं काढलेली कोळंबी जास्त टिकते.

डोक्याजवळ आणि कवचाखाली काळे डाग दिसायला लागतात तो आणखी वेगळा प्रकार. कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं, तशीच ही प्रक्रिया. हा काळेपणा विषारी नसतो, पण माल जुना होतोय याची ती खूण असते. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला आणि बोटांना चिकट, बुळबुळीत लागलं, की मात्र विषय संपला. ती कोळंबी फेकायची.

अडचण अशी की गाडीवर ती सोललेली, कधी मसाला लावलेली असते. लसूण, मिरची आणि सोया सॉसमध्ये वास आणि रंग दोन्ही लपतात. त्यामुळे शिजलेल्या प्लेटवरून अंदाज येत नाही. बघायचं असेल तर कच्ची असताना आणि ठेवलेली जागा बघायची.

बर्फच का?

एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी एक किलो पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला काढून घ्यावी लागते. म्हणून नुसतं गार पाणी काही वेळात कोमट होतं, पण बर्फात दाबलेली कोळंबी शून्याच्या आसपास टिकून राहते. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हा मत्स्यव्यवसायातला साधा नियम आहे.

अन्नातले जिवाणू साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वेगाने वाढतात. भट्टीशेजारी उघड्या ताटलीत मांडलेली कोळंबी नेमकी याच पट्ट्यात असते. नाशवंत पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा सल्ला दिला जातो. कोल्हापुरातला एप्रिल आठवा आणि सहा वाजता मांडलेली कोळंबी दहा वाजता कुणाच्या तरी प्लेटमध्ये जाते हेही.

पण एवढ्या आगीत सगळे जंतू मरत नाहीत का?

बरेचसे मरतात. कोळंबीशी सगळ्यात जास्त नाव जोडलं जातं ते व्हिब्रिओ गटातल्या जिवाणूंचं. ते पूर्ण शिजवल्यावर टिकत नाहीत. कोळंबीच्या आतलं तापमान ६३ अंशांपर्यंत गेलं की ती नीट शिजली असं मानतात. ओळखायची खूण सोपी आहे. काचेसारखी करडी कोळंबी अपारदर्शक आणि गुलाबी-केशरी होते. हा रंग तिच्यात आधीपासून असतो. कच्च्या कोळंबीत तो एका प्रथिनाला बांधलेला असतो आणि उष्णतेने मोकळा होतो. ती सैल वळली की शिजली, आणि घट्ट गोल वेटोळं झालं की जास्त शिजून रबर झाली.

पण काही जिवाणू मरण्याआधी विष तयार करून ठेवतात आणि ते विष उकळून किंवा परतून जात नाही. हाताला जखम, फोड असलेल्या माणसाकडून अन्नात येऊ शकणारा स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा त्यातला एक.

दुसरा जिवाणू आहे बॅसिलस सीरिअस, आणि त्याचं घर कोळंबीत नाही तर नूडल्समध्ये! तांदूळ, पास्ता, नूडल्स अशा पिठूळ पदार्थांत त्याचे बीजाणू असू शकतात. उकडल्यावरही हे बीजाणू जिवंत राहतात. उकडलेला भात किंवा नूडल्स तासन् तास बाहेर राहिल्या की ते जागे होतात, वाढतात आणि उलट्या करायला लावणारं विष तयार करतात. नंतर कढईत कितीही परतलं तरी ते विष तसंच राहतं. याला बोलीभाषेत 'फ्राइड राइस सिंड्रोम' असं नाव पडलंय. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, पण क्वचित प्रसंगी हे गंभीरही ठरू शकतं.

म्हणजे "रात्री प्रॉन्स खाल्ले आणि बाधले" असं आपण म्हणतो तेव्हा दोषी कोळंबीच असेल असं नाही. दुपारी उकडून टोपात झाकून ठेवलेल्या नूडल्सही असू शकतात.

मग अजिनोमोटोचं काय?

अजिनोमोटो हे खरं तर एका जपानी कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या सुपातून ही चव वेगळी काढली आणि तिला 'उमामी' म्हटलं. पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. ग्लुटामेट टोमॅटोत, चीजमध्ये, सोया सॉसमध्ये असतंच. कोळंबीतही असतं. त्यामुळे "अजिनोमोटो घालू नको" सांगून सोया सॉसवाले नूडल्स खाल्ले तरी ग्लुटामेट पोटात जातंच.

भीती सुरू झाली १९६८ मध्ये. अमेरिकेतल्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या डॉक्टरांचं एक पत्र छापून आलं. चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असा स्वतःचा अनुभव त्यांनी लिहिला आणि काही संभाव्य कारणं सुचवली. त्यातलं एक ग्लुटामेट. तो अभ्यास नव्हता, पत्र होतं. पण 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' हे नाव जगभर चिकटलं.

भारतात या भीतीला नवं बळ मिळालं ते २०१५ च्या मॅगी प्रकरणामुळे. जूनमध्ये एफएसएसएआयने मॅगी बाजारातून परत घ्यायला लावली. वाद दोन गोष्टींचा होता, शिशाचं प्रमाण आणि 'एमएसजी घातलेलं नाही' हा पाकिटावरचा दावा. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. पण लोकांच्या डोक्यात राहिलं ते 'एमएसजी म्हणजे विष' एवढंच.

विज्ञान काय सांगतं? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मते ते सर्वसाधारणपणे सुरक्षित आहे. काही लोकांना तीन ग्रॅम किंवा जास्त मात्रा, तीही अन्नाशिवाय घेतल्यावर डोकेदुखी, बधिरपणा अशी सौम्य आणि थोड्या वेळाची लक्षणं जाणवली आहेत. एका वाढपातलं प्रमाण एरवी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये थोडी कडक मर्यादा सुचवली, दिवसाला शरीराच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी १.८ ग्रॅम.

थोडक्यात, चिमूटभर अजिनोमोटो म्हणजे विष नाही, पण चमच्याने ओतायची गोष्टही नाही. ते खाऊन त्रास होतो असा अनुभव असेल तर जरूर टाळा. आणि रक्तदाब असेल तर नजर सोया सॉसकडेही हवी. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादाच २,००० मिलिग्रॅमच्या आत आहे.

प्लेट जितकी लाल तितकी भारी?

कोल्हापुरात लाल रंगाला मान आहे. पण तांबड्या रश्श्याचा लाल मिरचीचा असतो. बेडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटासाठी, हे इथल्या घराघरात माहीत आहे. गाडीवरच्या काही पदार्थांचा भडक, हाताला चिकटणारा लाल मात्र बाटलीतून येऊ शकतो.

शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली आणि जूनमध्ये ती कबाबांनाही लागू केली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा पालिकेने तर स्टॉलवर गोबी मंचुरियन विकण्यावरच बंदी आणल्याची बातमी गाजली होती. खाऊन झाल्यावर बोटांवर, ओठांवर किंवा प्लेटवर रंग राहत असेल, तर तो मिरचीचाच असेल असं नाही.

सगळ्यात मोठा धोका कुणाला?

शिळ्या अन्नाने बहुतेकांची रात्र खराब होते. पण कोळंबीची ॲलर्जी असलेल्याच्या जिवावर बेतू शकतं.

ही ॲलर्जी कोळंबीच्या मांसातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते. हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. कोळंबी कितीही ताजी, कितीही स्वच्छ असली तरी फरक पडत नाही. ही ॲलर्जी मोठेपणीही सुरू होऊ शकते आणि एकदा झाली की बहुतेक वेळा आयुष्यभर राहते. खेकडा, सोडे, जवळा खाल्ल्यावर कधी ओठ खाजले असतील, अंगावर गांधी उठल्या असतील, तर ती खूण हलक्यात घ्यायची नाही.

गाडीवर अडचण वेगळीच आहे. कढई एक, झारा एक आणि बऱ्याचदा तळणाचं तेलही एकच. आधीची प्लेट प्रॉन्सची असेल आणि कढई नुसती फडक्याने पुसली असेल, तर पुढच्या व्हेज नूडल्समध्येही कोळंबीचा अंश जातो. पाकिटबंद पदार्थांवर कवचधारी जलचरांची ॲलर्जीची सूचना छापावी लागते. गाडीवरच्या प्लेटला लेबल नसतं. म्हणून ज्याला ही ॲलर्जी आहे त्याने प्रॉन्स विकणाऱ्या गाडीवर व्हेज प्लेटही न खाल्लेली बरी.

खाल्ल्यावर लगेच किंवा तासाभरात घसा आवळल्यासारखा वाटणं, श्वास लागणं, चेहरा सुजणं, चक्कर येणं यातलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा. अशा वेळी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही.

चूक फक्त गाडीवाल्याची का?

प्रॉन्स नूडल्सची एक चुलत बहीण सिंगापूरमध्ये आहे, होक्कियन मी. कोळंबी, माखूळ, अंडं आणि दोन प्रकारच्या नूडल्स कोळंबीच्याच रसात परतलेल्या. एकेकाळी तीही रस्त्यावरच्या फेरीवाल्यांकडेच मिळायची आणि अस्वच्छतेच्या तक्रारीही तशाच असायच्या.

सिंगापूरने फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने 'हॉकर सेंटर'मध्ये हलवलं. तिथे नळाचं पाणी, सांडपाण्याची सोय आणि वीज होती. वीज म्हणजे फ्रिज आलाच. पदार्थ तेच राहिले आणि पुढे २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आपल्याकडे २०१४ पासून पथविक्रेता कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र आणि शहर फेरीवाला समितीची तरतूद आहे. २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजनेतून पथविक्रेत्यांना सुरुवातीला १०,००० रुपयांचं कर्ज मिळू लागलं. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाऊगल्लीला २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशातलं पहिलं 'क्लीन स्ट्रीट फूड हब' म्हणून मान्यता दिली. तलावाकाठची खाऊगल्ली म्हटल्यावर कोल्हापूरकराला रंकाळा आठवणारच.

ज्या गाडीला पाण्याचा नळ नाही, विजेची जोडणी नाही आणि उद्या याच जागी उभं राहता येईल याची खात्री नाही, तो माणूस बर्फाच्या पेटीवर पैसे घालताना दहादा विचार करतो. गिऱ्हाईक बर्फाबद्दल विचारतच नसेल, तर तो खर्च दिसतही नाही. गिऱ्हाईक अजिनोमोटोबद्दल विचारायला लागलं आणि आज कित्येक गाड्यांवर 'नो अजिनोमोटो' लिहिलेलं दिसतं. म्हणजे विचारल्याने फरक पडतो. फक्त प्रश्न बरोबर हवा.

ऑर्डर देण्याआधी काय बघाल?

• कोळंबी कशात आहे? बर्फाच्या पेटीत किंवा फ्रिजमध्ये असेल तर उत्तम. भट्टीशेजारी उघडी असेल तर त्या दिवशी व्हेज किंवा अंडा नूडल्स खा.

• गोठवलेली कोळंबी बादलीतल्या कोमट पाण्यात तरंगत असेल तर टाळा. ती वाहत्या गार पाण्यात किंवा फ्रिजमध्ये मोकळी करायची असते.

• नूडल्स कधी उकडल्या? थोड्या थोड्या उकडणारी, गर्दीची गाडी बरी. तिथे माल पडून राहत नाही. रात्री उशिरा टोपाच्या तळाच्या नूडल्स नकोत.

• कच्च्या कोळंबीला लावलेला हात तसाच कांद्याच्या पातीला आणि प्लेटला लागतोय का?

• तळणाचं तेल काळं, फेसाळ आणि धूर सोडणारं आहे का? हक्का नूडल्सला ते लागत नाही, पण मंचुरियन आणि चायनीज भेळेच्या कुरकुरीत नूडल्स त्याच तेलातून येतात.

• गाडीवर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक दिसतो का? तो स्वच्छतेची हमी देत नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर अन्न व औषध प्रशासनाला सांगायला तो कामाला येतो.

• प्लेटमधली कोळंबी मधोमध तोडून बघा. आत काचेसारखी दिसत असेल तर सरळ परत द्या आणि पुन्हा परतायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

• पार्सल नेताय? घरी गेल्यावर लगेच खा. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेलं सकाळी गरम करून खाऊ नका.

खाल्ल्यानंतर उलट्या-जुलाब सुरू झाले तर ओआरएस घेत राहा. जुलाबात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं किंवा पाणीसुद्धा पोटात न टिकणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरकडे जा. लहान मुलं, गरोदर महिला आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत तर वाटच बघू नका.